न्यूमोकॉकस: एसटी एकच, पण एक नमुना ४१२ एसएनपी लांब. साथीतून वगळायचा का?

प्लेटवाला
एका साथीतले न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा जिवाणू) या जिवाणूचे ३८ नमुने आहेत, सगळ्यांचा सीरोटाइप (कॅप्सूल म्हणजे बाहेरच्या आवरणाचा प्रकार) आणि एसटी (काही ठरावीक जनुकांवरून ठरणारा वंशप्रकार) एकच. इल्युमिना रीड्स (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) स्निपी या प्रोग्रॅमने रेफरन्स जीनोमवर मॅप करून कोअर अलाइनमेंट (सगळ्या नमुन्यांत सापडणाऱ्या जागांची जुळणी) काढलं. ३७ नमुन्यांत आपापसांत ३ ते ९ एसएनपींचा (एकेका बेसच्या बदलांचा) फरक येतो. उरलेला एक मात्र सगळ्यांपासून ४०० च्या वर, सर्वात जवळच्यापासून ४१२. क्षयरोगात १२ एसएनपींच्या वर गेलं की अलीकडच्या संसर्गाचा संबंध नाही असं धरतात. तोच निकष इथे लावू का? रिकॉम्बिनेशन (बाहेरच्या डीएनएचा तुकडा जीनोममध्ये बसणं) शोधणारं गबिन्सही चालवलं, त्याला एकही सापडलं नाही.

फांदीमोजणी
१२ चा आकडा इथे लावूच नका. तो क्षयाच्या जिवाणूच्या गतीवर बेतलेला आहे: सुमारे ४४ लाख बेसचा जीनोम, वर्षाला साधारण अर्धा एसएनपी, आणि बाहेरचा डीएनए घेणं जवळपास नाहीच. त्यामुळे तिथे एक एसएनपी म्हणजे एक घटना, असा हिशेब चालतो. (तिथेसुद्धा पीई/पीपीई ही पुनरावृत्तीने भरलेली जनुकं झाकूनच मोजतात, कारण पुनरावृत्तीमुळे छोटे रीड्स भलत्याच जागी बसतात.)

न्यूमोकॉकस आजूबाजूचा डीएनए उचलतो. ग्रिफिथने १९२८ साली दाखवलेलं रूपांतरण याच जिवाणूचं. एक तुकडा आत आला की शेकडो एसएनपी एका फटक्यात येतात. २०११ साली न्यूमोकॉकसच्या पीएमईएन१ या वंशाच्या २४० नमुन्यांचा अभ्यास झाला, त्यात सुमारे ८८ टक्के एसएनपी रिकॉम्बिनेशनमधून आलेले निघाले. ते वगळल्यावर उरलेली गती २२ लाख बेसमागे वर्षाला ३ ते ४ एसएनपी भरते. म्हणजे ४१२ एसएनपी नुसत्या म्युटेशनने जमायला, समान पूर्वजापासून फुटलेल्या दोन्ही फांद्या धरून, साठेक वर्षं लागतील.

तेव्हा आधी एसएनपींच्या जागा बघा. १,००० बेसच्या खिडक्या करून प्रत्येकीत किती पडतात ते मोजा. जीनोमभर सारखे विखुरलेले असतील तर नमुना खरोखरच लांबचा. एकाच पट्ट्यात दाटले असतील तर तो आयात तुकडा.

गबिन्सला बहुतेक फक्त एसएनपींचं अलाइनमेंट दिलं गेलंय. गबिन्स एसएनपींची दाटी शोधतं. न बदललेल्या जागा काढून टाकल्या की सगळीकडे दाटी सारखीच दिसते, मग सापडणार काय? पूर्ण लांबीचं अलाइनमेंट द्या, आणि स्निपीची वेगळी चिन्हं आधी 'एन' (अज्ञात बेस) करून घ्या.

मिटिस_नव्हे
त्याआधी एक तपासणी. कल्चर मिश्र असेल तरीही असाच आकडा येतो. त्या ४१२ जागांवर पर्यायी अक्षराचं (रेफरन्सपेक्षा वेगळ्या बेसचं) प्रमाण बघा. खरा आयात तुकडा असेल तर जवळजवळ सगळे रीड्स एकच अक्षर दाखवतील. मिश्रणात ७०:३० सारखी फूट पडते, तीही जीनोमभर. असेंब्लीची (रीड्स जोडून उभ्या केलेल्या जीनोमची) लांबी २२ लाखांच्या बरीच वर गेली असेल तर संशय पक्का. मात्र रीड्स कोणत्या प्रजातीचे ते ओळखणाऱ्या क्रॅकेनने थोडे रीड्स 'मिटिस'चे (न्यूमोकॉकसच्या जवळच्या प्रजातीचे) दाखवले म्हणून लगेच नमुना फेकू नका. पेनिसिलिन-बंधक प्रथिनांच्या (पीबीपी) जनुकांचे तुकडे न्यूमोकॉकसने अनेकदा मिटिससारख्या प्रजातींकडून घेतलेले असतात.

शिवाय कोअर म्हणजे सगळ्या नमुन्यांत सापडणाऱ्या जागा. एखाद्या नमुन्याची खोली (एकेका जागेवर पडणाऱ्या रीड्सची सरासरी संख्या) १५ पटच असेल तर त्याच्यापायी सगळ्यांच्या जागा गळतात आणि अंतरं खोटी कमी दिसतात. असा नमुना काढून कोअर पुन्हा काढा.

प्लेटवाला
पाहिलं. अक्षरं सगळीकडे ९८ टक्क्यांच्या वर, असेंब्ली २१ लाख. ४१२ पैकी ३९४ एसएनपी पीबीपी२एक्सच्या भोवती १३ हजार बेसमध्ये, १२ पीबीपी२बीमध्ये, ६ विखुरलेले. पूर्ण अलाइनमेंट दिल्यावर गबिन्सलाही दोन्ही पट्टे सापडले. मग हे पट्टे काढून टाकू?

फांदीमोजणी
वंशवृक्ष काढण्यासाठी झाका, पण अहवालातून काढू नका. उरलेला फरक ६, म्हणजे नमुना साथीतलाच. वर दोन आयात घटना, एवढंच. आणि दोन्ही पट्टे औषधाच्या लक्ष्यावर आहेत. पेनिसिलिन आणि सेफोटॅक्सिम दोन्हींची एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) करून घ्या. पीबीपी२बी हे सेफोटॅक्सिमचं लक्ष्य नाही, पीबीपी२एक्स आहे, त्यामुळे दोन्ही आकडे हवेत.

सीरोटाइपही रीड्सवरून पुन्हा काढा. कॅप्सूलचा पट्टा पीबीपी२एक्स आणि पीबीपी१ए यांच्या मधोमध बसतो. तुकडा थोडा पुढे गेला असता तर औषधरोध आणि कॅप्सूल एकदमच बदललं असतं, आणि वेगळं कॅप्सूल रेफरन्सवर मॅपच होत नाही म्हणून एसएनपींत दिसलंही नसतं. एसटीवरही फार विसंबू नका: एसटी ठरवणाऱ्या चाचणीतलं (एमएलएसटी) डीडीएल जनुक पीबीपी२बीच्या शेजारी आहे, ते अशा तुकड्यासोबत सहज बदलतं.

मिटिस_नव्हे
झाकलेल्या अलाइनमेंटमधून फक्त एसएनपी घेऊन आयक्यू-ट्री (वंशवृक्ष काढणारा प्रोग्रॅम) चालवणार असाल तर न बदललेल्या ए, सी, जी, टी जागांची संख्या वेगळी द्या. नाही तर फांद्या अवास्तव लांब येतात आणि त्यावरून काढलेल्या तारखा चुकतात.