मदत हवी आहे : अम्माऊस नेमकं कुठलं धरायचं?

बायबलमधल्या लूक २४:१३ मध्ये यरुशलेमेपासून अम्माऊस गाव ६० स्टॅडिया आहे; पुनरुत्थानानंतर येशू याच वाटेवर दोन शिष्यांना भेटला. एक स्टॅडियन साधारण १८५ मीटर धरला, तर ११ किमी. हे अंतर अल-कुबैबा आणि अबू घोष या दोन्ही गावांना लागू पडतं. पण सिनाय हस्तलिखितात (बायबलची जुनी ग्रीक प्रत) १६० आहे, म्हणजे जवळपास ३० किमी. ते इम्वास, जुनं निकोपोलिस. चौथ्या शतकातला चर्च-इतिहासकार युसेबियस यानेही तेच मानलं. मात्र शिष्य त्याच रात्री यरुशलेमेला परतले, तेव्हा इतकी पायपीट जरा अतीच वाटते! पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याचं अम्माऊस ३० स्टॅडियावर, मोत्झाजवळ. जाऊन-येऊन मात्र बरोबर ६०.

नकाशावर सरळ रेघ मारली की डोंगरातली वळणं सुटतात आणि आकडा कमी येतो. रोमन रस्त्याने, जुन्या तटाच्या वेशीपासून कुणी अंतर मोजलंय का? या चारही ठिकाणांपर्यंतचे आकडे हवेत.