मदत हवी आहे: आकाशगंगेतल्या महाकाय बुडबुड्यांच्या आपण आत आहोत की बाहेर?

नमस्कार मंडळी. मी तळकोकणात एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. मेच्या सुरुवातीला नववीच्या मुलांना रात्री पटांगणावर आकाश बघायला बोलावलं होतं. लांब कुठेतरी भाजावळ चालली होती, तिचा धूर माडांच्या बुंध्यांशी रेंगाळत होता, पण वर आभाळ लख्ख. एकच्या सुमाराला दक्षिणेला वृश्चिक छान वर आला, मागोमाग धनू. दोघांच्या मधोमध बोट दाखवून सांगितलं, आपल्या आकाशगंगेचं केंद्र या दिशेला आहे, २६,००० प्रकाशवर्षांवर. तिथे सुमारे ४० लाख सूर्यांइतक्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे.

मग फर्मी बुडबुड्यांची गोष्ट निघाली. २००८ साली फर्मी ही गॅमा किरणांची दुर्बीण अवकाशात गेली. तिच्या निरीक्षणांमधून २०१० मध्ये डग्लस फिंकबायनर, मेंग सू आणि ट्रेसी स्लेटियर यांना केंद्राच्या वर एक आणि खाली एक असे दोन प्रचंड फुगवटे सापडले, प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षे उंच. डोळ्यांना गॅमा किरण दिसत असते, तर कन्या राशीपासून पार बक तारकासमूहापर्यंत, अर्ध्याहून अधिक आकाश या जोडीने व्यापलेलं दिसलं असतं. कडाही अंधुक विरत गेलेल्या नाहीत, चांगल्या रेखीव आहेत.

सगळी मान वर करून बघत होती. मागच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मग आपण त्या बुडबुड्याच्या आत आहोत की बाहेर?"

मी म्हटलं, "बाहेर." आणि घरी आल्यावर झोप लागेना.

फर्मी बुडबुड्यांपुरतं उत्तर बरोबर आहे, ते केंद्राशी आहेत. पण २०२० मध्ये ईरोझिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या नकाशात त्यांना पोटात घेणारे आणखी मोठे बुडबुडे दिसले, केंद्राच्या वर आणि खाली सुमारे ४५,००० प्रकाशवर्षांपर्यंत गेलेले. त्यांच्या उत्तरेकडच्या कडेला 'नॉर्थ पोलर स्पर' नावाची कमान आहे. ही कमान रेडिओ खगोलशास्त्रज्ञांना १९५० च्या दशकापासून माहीत आहे. काहींच्या मते ती केंद्रापासून उठलेल्या त्या मोठ्या बुडबुड्याचीच कड. इतरांच्या मते वृश्चिक-नरतुरंग भागातल्या तरुण ताऱ्यांच्या जथ्यात जे अतिनवतारे फुटले, त्यांचं ते कवच, म्हणजे अवघ्या काहीशे प्रकाशवर्षांवर. हे दुसरं खरं असेल, तर ती कमान आपल्या अंगणातली झाली!

माझं घोडं इथेच अडलंय. नुसत्या पसरट उजेडाचं अंतर मोजतात कसं? ताऱ्याचं पॅरलॅक्सने, म्हणजे दोन जागांवरून बघून तो किती सरकलेला दिसतो त्यावरून, मोजतात हे मी शिकवते, पण या उजेडाला ना टोक ना ठिपका. आणि हे बुडबुडे फुगवले कोणी, कृष्णविवराने की ताऱ्यांनी? जून उजाडला की ती पोर पुन्हा विचारणार. तिला अर्धवट सांगायचं नाहीये. जाणकारांनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

ताई, तुमच्या भाजावळीच्या धुराकडेच बघा. धूर माडाच्या पुढे आहे की मागे, हे कसं ओळखता? बुंधा धुराला झाकत असेल तर धूर मागे. इथेही तेच. कमी ऊर्जेचे क्ष-किरण वायू आणि धुळीच्या ढगांत शोषले जातात, आणि गरुड तारकासमूहाच्या दिशेच्या अशा ढगांची अंतरं आपल्याला माहीत आहेत. कमानीचा बुडाकडचा भाग त्या ढगांच्या आड झाकला जातो. म्हणजे तो भाग ढगांच्या पलीकडे, किमान हजारो प्रकाशवर्षांवर.

पण वरच्या भागात वेगळंच दिसतं. चुंबकीय क्षेत्रात धुळीचे कण रांगेला लागतात आणि त्यांच्यातून आलेला ताऱ्यांचा प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं एका ठरावीक दिशेला जास्त होतात. कमानीच्या दिशेचे तारे जवळून लांबकडे तपासत गेलं, की कुठल्या अंतरापासून हे ध्रुवण सुरू होतं ते कळतं, कारण ताऱ्यांची अंतरं गाया उपग्रहाने मोजून दिली आहेत. वरच्या भागात ते काहीशे प्रकाशवर्षांतच सुरू होतं आणि त्याची दिशा रेडिओ नकाशाशी जुळते.

माझं मत विचाराल तर ही एक कमान नव्हेच. जवळचं एक कवच आणि लांबची एक कड, दोन्ही एकाच रेषेत आल्याने आपल्याला एक दिसतात. झावळीआड चंद्र आला की तो झावळीला अडकल्यासारखा दिसतो ना, तसं.

प्रतिसाद २

फुगवले कोणी, यावर अजून एकमत नाही. केंद्राजवळ ४०-६० लाख वर्षांपूर्वी जन्मलेल्या तरुण ताऱ्यांची तबकडी आहे, म्हणजे त्या सुमाराला तिथे भरपूर वायू येऊन पडला होता. त्यातला काही कृष्णविवराच्या तोंडी गेला असणार. २०२२ च्या एका संगणकीय प्रारूपात सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी कृष्णविवरातून निघालेले झोत एक लाख वर्षं चालले, आणि तेवढ्यातून फर्मी व ईरोझिटा दोन्ही बुडबुडे तयार झाले. उलट ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने २०१३ मध्ये रेडिओत हेच फुगवटे टिपले, तेव्हा तो गट ताऱ्यांच्या बाजूने होता: भराभर जन्मून फुटणाऱ्या ताऱ्यांचा वारा. गॅमा किरण इलेक्ट्रॉनांमुळे येत असतील तर बुडबुडे तरुणच हवेत, कारण इलेक्ट्रॉनांची ऊर्जा लवकर सरते. प्रोटॉनांमुळे येत असतील तर ते खूप जुनेही असू शकतात. मुलांना दोन्ही बाजू सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. धुराचं उदाहरण थेट काळजाला भिडलं.

आज सकाळी पटांगणावर आखून बघितलं. १००० प्रकाशवर्षांना १ मीटर. मधोमध केंद्र, तिथून २६ मीटरवर आपला सूर्य. फर्मी बुडबुडा २५ मीटर उंच, आमच्या कुंपणाशी असलेल्या सगळ्यात उंच माडाएवढा. ईरोझिटाचा त्यावर आणखी एक माड ठेवल्यासारखा. सूर्याच्या जागी उभी राहून फर्मी बुडबुड्याच्या शेंड्याकडे बघितलं तर मान ४५ अंशांच्या आसपास वळते. तेव्हा मला पहिल्यांदा खरंखुरं कळलं की हे अर्ध्या आकाशावर कसे पसरतात.

आखताना तिच्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर सापडलं. आपण एका बुडबुड्याच्या आत आहोतच! जवळच्या अतिनवताऱ्यांनी पोकळ केलेला 'स्थानिक बुडबुडा', सुमारे १००० प्रकाशवर्षे रुंद, म्हणजे पटांगणावर फक्त मीटरभर. २०२२ च्या अभ्यासानुसार तो १.४ कोटी वर्षांपूर्वी फुगू लागला, आणि सूर्य फिरत फिरत ५० लाख वर्षांपूर्वी त्यात शिरला.

सूर्याच्या जागेभोवती चुन्याने तेवढं वर्तुळ काढून ठेवलंय. पाऊस धुऊन नेईल, पण शाळा सुरू झाली की परत काढीन आणि तिला मधोमध उभी करीन.