पिचरचा पाय प्लेटवर पडला की गाणं बंद

महिलांच्या सॉफ्टबॉल सामन्यात मैदानावर गाणी वाजवावीत का, यावर दोन मतं ऐकली. "गाणी लावली की पोरी जोशात येतात" हे पहिलं म्हणणं मान्यच. जळगावात मे महिन्याच्या उन्हात तिसऱ्या इनिंगनंतर डगआउटमध्ये (टीम बसते त्या जागेत) कुणाला बोलायचंही त्राण नसतं, तिथे एखादं अहिराणी गाणं लागलं की अख्खी टीम उठते. (द्विअर्थी गाणी तेवढी आधीच गाळा, आजी-आजोबाही सामना बघायला येतात.) पण "खेळ चालू असतानाही हळू वाजू द्या, काय बिघडतं?" हे पटत नाही. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर (चेंडू टाकणारी) होमप्लेटपासून, म्हणजे बॅटर उभी असते तिथून, फक्त 43 फुटांवर, दोन बेसमधलं (धावताना गाठायच्या ठाण्यांमधलं) अंतर 60 फूट. एवढ्याशा जागेत निम्मा खेळ कानांवर चालतो. उंच उडालेल्या चेंडूखाली दोघी धावतात, एकीचं "माझा!" दुसरीला ऐकू गेलं नाही तर टक्कर ठरलेली. दुसऱ्या बेसवरून सुटलेल्या रनरची चेंडूकडे पाठ असते, तिला थांबायचं की होमप्लेटकडे पळायचं हे तिसऱ्या बेसजवळचा कोच ओरडून सांगतो.

आमच्या मैदानावर बॅटर येताना आठ-दहा सेकंद गाणं वाजतं आणि पिचरने तिच्या प्लेटवर (चेंडू टाकायच्या जागेवरच्या पट्टीवर) पाय ठेवला की बंद. फोन स्कोअररकडे, कारण खेळावर सतत नजर तिचीच असते. स्पीकरचं तोंड प्रेक्षकांकडे, आउटफिल्डकडे नाही. आणि वरातीचा डीजे मागवायचा बेत असेल तर 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम बघून घ्या, निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. आठ-दहा सेकंदांच्या गाण्याला डगआउटमधला छोटा ब्लूटूथ स्पीकर पुरतो.