बॉटपुढे ब्लफ चालतच नाही?

"पोकरमधला बॉट (आपोआप खेळणारा प्रोग्राम) घाबरत नाही, म्हणून त्याच्यापुढे ब्लफ (हलक्या पत्त्यांवर पैज लावून समोरच्याला डाव सोडायला लावणं) करूच नये" हे मत अर्धंच पटलं. घाबरत नाही, पण पत्ते टाकून डाव सोडतोच ना! पॉटमध्ये (मधे जमलेल्या रकमेत) 100 चिप्स असताना तुम्ही 100 लावल्या, तर ब्लफ निम्म्याहून जास्त वेळा खपला की फायदा. समोर माणूस असो की यंत्र, हिशोब तोच. चांगला बॉट नेमका साधारण निम्म्या वेळा कॉल करतो (तेवढीच रक्कम लावून डावात राहतो), त्यामुळे ब्लफ केला काय, न केला काय, हाती काहीच लागत नाही. खरी गोची ही आहे.

2017 मध्ये लिब्रेटस नावाच्या पोकर बॉटने चार व्यावसायिक खेळाडूंना 1,20,000 डावांत हरवलं. दिवसा ते ज्या रकमा लावून त्याला कोंडीत पकडू बघायचे, त्यांची उत्तरं तो रात्रीत शोधून ठेवायचा. (आपण रात्री झोपतो, हाच घोळ!)

सरावाच्या ॲपमधले बॉट मात्र फारच साधे. माझ्या ॲपमधला एक तर दुरीची जोडी असली तरी रिव्हरपर्यंत (टेबलावरच्या शेवटच्या पत्त्यापर्यंत) कॉल करत बसायचा. त्याच्यापुढे मी ब्लफ बंदच केला. टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जोडी) लागली की प्रत्येक स्ट्रीटला (पैजेच्या फेरीला) पाऊण पॉट लावायचो. कंटाळवाणं, पण चिप्स वाढल्या.