फैजपूरच्या प्रदर्शनात निसर्ग-कार्यशाळा: गेल्या वर्षीची फजिती यंदा कशी टाळावी?

प्रश्न: केळीबाग (फैजपूर)

नमस्कार. आमच्या गावात जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, गावकरी मिळून तीन दिवसांचे प्रदर्शन भरवतात. बचत गटांचे पापड-लोणचे, शेतीची अवजारे, शाळांचे विज्ञानप्रयोग, खाऊगल्ली आणि पाळणे असा त्याचा थाट असतो. मोकळ्यावरची भटकंती आणि निसर्गओळख या विषयांसाठी मैदानाचा पूर्वेकडील कोपरा गेल्या वर्षी आम्हा सात-आठ हौशी मंडळींना मिळाला होता आणि यंदाही मिळणार आहे.

गेल्या वर्षी आम्ही मांडवात पडदा लावून सातपुड्यातील पक्ष्यांची चित्रे दाखवली आणि प्रत्येक वक्त्याला पाऊण तास दिला. दुपारच्या उजेडात पडद्यावरचा पक्षी कोणता आणि फांदी कोणती हेच कळेना, शेजारच्या पाळण्याच्या भोंग्यात वक्त्याचा आवाज बुडून गेला आणि तिसऱ्या व्याख्यानाला आमच्या घरची माणसे तेवढी उरली. तंबू उभारण्याचे प्रात्यक्षिक तर पहिल्या खुंटीपाशीच संपले, कारण रोलर फिरवून दाबलेल्या मुरमात ती चार बोटांपेक्षा खोल जाईना आणि भोवती जमलेली पोरे आम्हालाच हातोडा कसा धरावा ते शिकवू लागली. चूक आमचीच होती. आम्ही आदल्या दिवशी जागेवर जाऊन पाहिलेच नव्हते.

यंदा व्याख्याने नकोत, एवढे ठरले आहे. मात्र गर्दीत आणि गोंगाटात, ये-जा करणाऱ्या माणसांना हाताने करता येईल असे काय ठेवावे, एका कार्यशाळेला किती वेळ द्यावा आणि शेवटच्या दिवशी पहाटे लोकांना पक्षी पाहायला बाहेर न्यायचे झाल्यास सातपुड्यातले पाल गाव बरे की हतनूर धरण, यावर अनुभवी मंडळींनी लिहावे. आणखी एक अडचण अशी की, साप पकडणारे एक परिचित जिवंत साप आणून दाखवायला तयार आहेत. गर्दी नक्की होईल, पण माझे मन घेत नाही.

उत्तर: पांझराकाठ (धुळे)

केळीबाग भाऊ, खुंट्यांपासूनच सुरुवात करतो, कारण ती फजिती मीही भोगली आहे. मुरमाच्या मैदानावर तंबू लावायचा असेल तर वाळूने भरलेली सिमेंटची रिकामी पोती आणा आणि ताण-दोऱ्या त्यांनाच बांधा. काळ्या मातीत उलटा प्रकार होतो. तिथे खुंटी सहज शिरते, पण जानेवारीपर्यंत भेगाळलेल्या त्या मातीतून ती तितक्याच सहज उपटून येते, म्हणून तिथे लांब खुंटी दोरीच्या विरुद्ध दिशेला कलती ठोकावी लागते. खरे तर हा फरक हीच एक कार्यशाळा आहे. दोन पाट्यांत दोन प्रकारची माती ठेवा, लोकांच्या हातात खुंटी द्या आणि ओढून पाहायला सांगा. पाच मिनिटांत जे कळेल ते भाषणाने कळणार नाही.

वेळेचे म्हणाल तर पंधरा मिनिटांच्या वर एकही गोष्ट ठेवू नका. ज्याच्या हातात फुग्याचा हट्ट धरणारे पोर आहे आणि ज्याची बायको पुढच्या दुकानापाशी पोहोचली आहे, तो माणूस याहून जास्त थांबणार नाही आणि त्याने थांबावे अशी अपेक्षाही आपण करू नये.

आता मुख्य सूचना. तुम्ही केळीच्या पट्ट्यात राहता, तेव्हा केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडावरच्या सालीची, दोरी वळायला शिकवा. घड काढल्यानंतर खोड बांधावर पडूनच असते, त्यामुळे सामानाचा खर्च शून्य. वाळलेल्या सोपटाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या काढून त्या थोड्या ओल्या करायच्या. दोन पट्ट्या घेऊन प्रत्येकीला उजवीकडे पीळ द्यायचा आणि मग दोन्ही एकमेकींवर डावीकडे वळवायच्या. पट्ट्यांचा पीळ उलगडू पाहतो, पण तसे झाले तर दोरीचा पीळ घट्ट होतो, आणि या ओढाताणीमुळेच दोरी हात सोडल्यावरही तशीच राहते. मी हे एका शाळेच्या मैदानावर केले तेव्हा पट्टी संपत आली की नवी कशी जोडायची तेवढे मुलांना दाखवावे लागले, बाकी त्यांनी आपसांत शिकून घेतले. मैदानात फिरून आलेली माणसे हातभर दोरी वळून घरी नेतात आणि वाटेत चार जणांना दाखवतात. तीच तुमची जाहिरात.

त्याच दोरीवर गाठी घ्या, पण तीनच. सपाट बसणारी रीफ गाठ, ओढ बसली तरी फास न आवळणारी बोलाइन आणि खांबाला बांधायची क्लोव्ह हिच. शक्य तिथे गाठ शेतकऱ्याकडून काढून घ्या. बैलाचे दावे एका झटक्यात सुटेल पण बैलाला सोडवता येणार नाही असे बांधणारा माणूस तुमच्या समोरून जात असतो आणि आपण त्याला पुस्तकातली गाठ दाखवत बसतो.

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन तुमच्याच गावी झाले, तेव्हा नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या सामानातून त्या नगराची सजावट केली होती आणि सोबत खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही होते. तेव्हा कापडी मांडव आणि छापील फलक यांवर पैसे घालण्याआधी कोपऱ्याला बांबूचे कुंपण आणि सोपटाचे तोरण करता येते का पाहा.

उत्तर: टिबुकली (भुसावळ)

पाल की हतनूर, या प्रश्नाला माझे उत्तर हतनूर हेच आहे. पाल सुंदर आहे, पण यावल अभयारण्यात शिरायचे तर वनविभागाची परवानगी, वाहनांची नोंद आणि संख्येची मर्यादा हे सगळे आले, आणि प्रदर्शनातून आलेल्या पन्नास अनोळखी माणसांना जंगलात शांत ठेवणे हे त्याहून कठीण काम आहे. शिवाय दाट झाडीत पक्षी दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतो, आणि नवख्या माणसाचा तिथे हिरमोड होतो. हतनूरचे पाणी तापी-पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवच्या बाजूला पसरलेले आहे. हिवाळ्यात तिथे बदके उघड्यावर बसलेली असतात, आणि नवख्याला चक्रवाकाचा भगवा रंग, थापट्याची फावड्यासारखी चोच आणि शेकाट्याचे लांब तांबडे पाय एवढे ओळखता आले तरी तो दुसऱ्यांदा यायला तयार होतो. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, तेव्हा साडेसहाला गावातून निघालात तरी चालेल.

दुर्बिणीचे शिक्षण मात्र मैदानावरच उरकून घ्या, पाण्याकाठी नको. माझा अनुभव असा की पहिल्यांदा दुर्बीण हातात घेणाऱ्याला पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो, मग तो दुर्बीण परत देतो आणि मोबाइल काढतो. म्हणून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या आइस्क्रीमच्या गाडीवरची दरांची पाटी वाचायला सांगा. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला अक्षरे स्पष्ट करायची, मग डावा मिटून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवायची. नंतर नजर पाटीवरून न हलवता दुर्बीण खाली घेऊन पुन्हा डोळ्यांना लावायची. पाटी लगेच सापडली की त्या माणसाला विजेच्या तारेवरचा वेडा राघू किंवा कोतवाल दाखवा. आठ पट मोठे दाखवणारी, ८×४२ या मापाची दुर्बीण पुरे, कारण दहा पटीची दुर्बीण नवख्याच्या हातात थरथरते. एखादी स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) तिवईवर लावून मिळाली तर लहान मुलांचा प्रश्न सुटतो.

तुमचे प्रदर्शन संक्रांतीला लागून असल्यामुळे एक मागणी. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरी तो विकला जातोच. संक्रांतीनंतर गावातल्या झाडांवर अडकलेला मांजा मुलांनी गोळा करून आणावा आणि तुमच्या कोपऱ्यात त्याचे वजन करावे, हा कार्यक्रम कुठल्याही फलकापेक्षा परिणामकारक होईल. झाडावर चढायचे नाही, तारांजवळ जायचे नाही आणि हाताला जाड कापड गुंडाळायचे, एवढे आधी बजावून सांगा.

उत्तर: रातपाळी (जळगाव)

मी परिचारिका आहे, त्यामुळे फक्त सापांपुरते लिहिते. भाऊ, तुमचे मन घेत नाही ते बरोबरच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य साप पकडून त्यांचा खेळ मांडता येत नाही, मग हेतू प्रबोधनाचा असो की गर्दी जमवण्याचा. शिवाय नाग हाताळणारा माणूस पाहून मुलांच्या मनात राहते ते हाताळणे, आणि त्याची किंमत आम्ही रात्री दोन वाजता पाहतो.

त्याऐवजी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांची मोठी छायाचित्रे लावा आणि प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक घ्या. दंश झालेल्या माणसाला धीर देऊन आडवे करायचे, अंगठ्या, कडी, जोडवी काढून ठेवायची, दंशाचा हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतो तसा बांबूच्या कामट्यांनी हलणार नाही असा बांधायचा आणि प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात थेट न्यायचे. चिरा देणे, रक्त चोखणे, वर करकचून दोरी आवळणे आणि मांत्रिकाकडे वेळ घालवणे या चारही गोष्टी जिवावर बेततात. पट्टी बांधताना पांझराकाठ यांची रीफ गाठ उपयोगी पडेल, कारण ती सपाट बसते आणि टोचत नाही. पट्टीखाली एक बोट शिरले पाहिजे, हे प्रत्येकाकडून करून घ्या. खानदेशात दंश बहुधा शेतात होतो, म्हणून दुपारी मुलांना आणि सायंकाळी शेतकऱ्यांना वेगळे दाखवलेत तर बरे.

उत्तर: शहादेकर (शहादा)

वरील सूचना चांगल्याच आहेत, पण माझे थोडे वेगळे मत नोंदवतो. आपण सगळे शिकवणारे म्हणून उभे राहतो आणि सातपुड्यात राहणारी माणसे प्रेक्षकांतही नसतात. पावरा आणि तडवी मंडळींपैकी कोणाला धावड्याचा डिंक कसा काढतात, मोहाची फुले कोणत्या वेळी वेचतात आणि अंजनाचा पाला गुरांसाठी कसा राखून तोडतात हे सांगायला बोलवा. अंजनाची डहाळी तर ठेवाच, कारण एका देठावर जुळ्यासारखी बसलेली त्याची दोन पाने एकदा पाहिली की माणूस ते झाड विसरत नाही. या मंडळींना शाल-श्रीफळ देऊन बोळवण करू नका. दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा रीतसर मानधन, गाडीभाडे आणि जेवण द्या, आणि पैसे कमी पडत असतील तर फलक कमी छापा.

सातपुड्याचा विषय आहे, म्हणून रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाचीही एक गोष्ट. १८८४ नंतर या पक्ष्याचा खात्रीचा नमुना मिळाला नव्हता आणि तो नामशेष झाला असेच अभ्यासक समजत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो आमच्या शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी पुन्हा दिसला, तोही दिवसाढवळ्या. ११३ वर्षे हरवलेला पक्षी आपल्या अंगणात बसला होता, ही गोष्ट खानदेशातल्या प्रत्येक शाळेत सांगितली जायला हवी. गावातल्या चिंचेवरचा साधा पिंगळा आणि हा, यांतला फरक चित्रांची जोडी ठेवून विचारा: साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाटीने असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळपास कोरे असते. मात्र तो दाखवायला कोणाला रानात नेऊ नका आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवण्याचा उद्योग तर मुळीच नको.

प्रश्नकर्ता: केळीबाग

सर्वांचा आभारी आहे. काल आमची बैठक झाली आणि या वेळी ती मैदानावरच उभ्याने घेतली. सापांचा प्रस्ताव आम्ही नम्रपणे नाकारला. परिचित थोडे नाराज झाले, पण ताईंचे उत्तर वाचून दाखवल्यावर छायाचित्रांपाशी थांबून प्रश्नांची उत्तरे द्यायला तयार झाले, हे विशेष. सोपटाची दोरी तिन्ही दिवस राहील. वाळूची पोती एका बांधकामावरून मिळणार आहेत. पाळण्याच्या मालकाने आमच्या बाजूचा भोंगा दुसरीकडे वळवण्याचे कबूल केले आहे, ते तो पाळेल की नाही ते देव जाणे.

शहादेकर, मानधनाचा मुद्दा बैठकीत सर्वांत जास्त वेळ रेंगाळला. काही जणांचे म्हणणे पडले की सेवाभावी कामात पैशाची भाषा नको. शेवटी एका आजोबांनी विचारले की पाळणेवाला सेवाभावाने येतो का, आणि विषय मिटला. पालकडच्या दोन कुटुंबांशी बोलणे सुरू आहे.

हतनूरची फेरी तिसऱ्या दिवशी पहाटे, पंचवीस जणांची. नावनोंदणी फक्त दुर्बिणीच्या कोपऱ्यात पाटी वाचून दाखवणाऱ्यांचीच होईल. परतताना एका मित्राच्या शेतात भरीत करण्याचा बेत आहे: बामणोदची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजायची आणि लाकडी बडगीत ठेचायची. सोबत कळण्याच्या पुऱ्या. खरे सांगायचे तर निम्मी नावे त्यासाठीच येतील.

उत्तर: टिबुकली

भरीतासाठी आलेल्यांनाही घ्या, मीही पहिल्यांदा तसाच आलो होतो. फक्त जाळ पाण्यापासून दूर, शेतातच करा आणि फेरी संपेपर्यंत वांग्यांचा उल्लेख करू नका, नाहीतर आठ वाजताच सगळे गाडीकडे वळतील. माझी स्कोप आणि तिवई मी घेऊन येतो. एक पाय ढिला आहे, त्याला तुमच्याकडची सोपटाची दोरी लागेल.