ऑनलाइन दुकानाचा लोगो: तुम्ही कसा केलात? अनुभव सांगा

मेतकूट
आम्ही सासू-सुनांनी मिळून मेतकूट, गोडा मसाला आणि भाजणीचं ऑनलाइन दुकान काढलं. काय विकायचं ते आठवड्यात ठरलं, लोगोला मात्र अडीच महिने लागले. पहिला फार हौसेने करून घेतला होता. जातं, त्याचा खुंटा धरलेला बांगड्या भरलेला हात, खाली धान्याची रास, भोवती वेलबुट्टी. संगणकावर बघताना सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तोच व्हॉट्सॅपच्या डीपीला लावला, तर गोलात हात कापला गेला आणि वेलबुट्टीचा नुसता करडा डाग दिसायला लागला. ओळखीच्या एका बाईंनी फोन केला, "फोटो नीट आला नाहीये गं, परत पाठव."

मग सगळं काढून टाकलं. आता नुसतं वरून दिसतं तसं जातं आहे: एक वर्तुळ, मधे तोंड, कडेला खुंट्याचं टिंब आणि खाली दुकानाचं नाव. हे चित्र सासूबाईंनी किराणाच्या यादीमागे पेनाने काढून दाखवलं होतं. माझं मत आता पक्कं झालंय. गिऱ्हाईक लोगो जिथे बघणार, तिथेच तो आधी लावून बघायचा. म्हणजे फोनवर, पाकिटावर, पार्सलवर. नवीन दुकान काढणाऱ्यांना उपयोग होईल, म्हणून तुम्हीही लिहा. चुकलेलं तर नक्कीच लिहा.

अक्षरवेल
मी पुण्यात अक्षररचनेची कामं करतो. सुती साड्यांचं दुकान काढणारं एक जोडपं आलं होतं. नावात ल आणि श दोन्ही. आधी दुसरीकडून करून घेतलेला लोगो त्यांनी दाखवला. रंग छान, शुद्धलेखन बिनचूक, तरी काकूंना तो आपलासा वाटत नव्हता. कारण त्यांना सांगता येईना. "आम्ही शाळेत असं नाही गिरवलं," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं अगदी बरोबर होतं. ल हिंदी वळणाचा होता, उजवीकडे उभा दंड असलेला. आपण मराठीत गिरवतो तो दोन पाकळ्यांचा, वरून देठाने टांगलेला. श चंही तसंच, आपला देठाचा. शासनाच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपं आहेत. पुष्कळ फाँटांमध्ये ही रूपं आत असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा हिंदी राहिली तर समोर येत नाहीत. भाषा मराठी निवडली की डोळ्यांदेखत ल बदलतो. मी काकूंसमोरच बदलून दाखवला. त्या पुढे वाकल्या, पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा."

मराठी गिऱ्हाइकासाठी मराठी नाव ठेवताय, तर अक्षरंही मराठीच हवीत. यात मी तडजोड करत नाही. खर्चाचं कारणही नाही. मुक्ता, बलूसारखे फाँट फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरायची मुभा असते. एक मात्र बघा: जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी जागेवर आहेत ना, हे मराठी वाचणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. परदेशातल्या कारागिराकडून करून घेतलेल्या लोगोंत 'र्य' तुटलेला मी किती वेळा पाहिलाय!

गडवाट
कोल्हापूर. आमचं टी-शर्टचं दुकान. पहिला विचार अर्थातच महाराजांचा. घोड्यावरची छायाकृती, मागे गड. चित्र तयार होतं, पैसेही दिले होते. ट्रेडमार्कच्या कामासाठी वकिलांकडे गेलो, तर त्यांनी १९५० चा बोधचिन्हं आणि नावांच्या गैरवापराचा कायदा समोर ठेवला. परिशिष्टात छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र, दोन्ही आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरता येत नाही. मन खट्टू झालं. घरी येऊन विचार केला तेव्हा पटलं की ज्यांच्यापुढे आपण मुजरा करतो, त्यांना शर्टाच्या कॉलरमागच्या लेबलवर धुण्यात घालणं बरोबर नव्हतंच.

नंतरचा लोगो मला जास्त आवडतो. गोमुखी बांधणीचा दरवाजा वरून कसा दिसतो, तेवढंच आहे. दोन बुरूज, वळत जाणाऱ्या दोन भिंती, मधून वाट. गड फिरणारा माणूस लगेच ओळखतो. ज्याला माहीत नाही तो विचारतो, आणि मग बोलणं सुरू होतं.

नोंदणीचं विचाराल तर ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग ठरलेले असतात, त्यात कपडे वर्ग २५ मध्ये येतात. व्यक्ती किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये होती, वकिलांचे वेगळे. अर्ज सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला की चार महिने कुणीही हरकत घेऊ शकतं. तोवर नावापुढे टीएम लावता येतं, पण गोलातला आर नोंदणी झाल्यावरच. आधी लावला तर तो गुन्हा आहे. आमच्या बाजारात सर्रास लावतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हळदओली
आमचा एकच मुद्दा. हळदीच्या दुकानाचा लोगो पिवळाच हवा, असा हट्ट धरला. कुरिअरचं लेबल थर्मल प्रिंटरवर निघतं, म्हणजे नुसतं काळं-पांढरं. त्यावर आमचा पिवळा उमटलाच नाही. पहिली चाळीस पार्सलं बिननावाची गेली. आता काळ्या रंगातला वेगळा लोगो करून ठेवलाय. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ठेवा.

सुईदोरा
मेतकूटताई, आमचं फाइलपायी अडलं. नाशिकला लहान मुलांचे कपडे शिवते. लोगो करणाऱ्या मुलाने एक जेपीजी पाठवली, मी पैसे पाठवले, विषय संपला असं वाटलं. वर्षभराने कापडी पिशव्यांवर भरतकाम करायचं ठरलं. कारखान्यातल्या दादांनी जेपीजी मोठी करून दाखवली, अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या. "मूळ व्हेक्टर फाइल आणा," म्हणाले, म्हणजे कितीही मोठी केली तरी कडा न फुटणारी. तोवर त्या मुलाचा नंबर बंद झाला होता. लोगो पहिल्यापासून परत काढून घ्यावा लागला.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. पैसे दिले म्हणजे लोगोचा कॉपीराइट आपला झाला, असं नाही. बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं तर हक्क आपल्या नावावर केल्याचं लेखी आणि सहीनिशी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ती पाच वर्षंच धरतात. या वेळी एक पानभर करार केला, "कायमस्वरूपी, जगभरासाठी" असं स्पष्ट लिहून घेतलं आणि एसव्हीजी, पीडीएफ, पीएनजी तिन्ही घेतल्या.

भरतकामाचंही सांगते. धाग्याला स्वतःची जाडी असते. बारीक अक्षरात म ची गाठ आणि भ च्या डोक्यावरची फट दोऱ्याने भरून जाते आणि म, भ सारखेच दिसतात. शिरोरेषा जाड आणि अक्षरं सुटी केली, तेव्हा कुठे नाव वाचता आलं.

चिकूवाडी
डहाणू पट्ट्यात आमच्या चिकूच्या चिप्स आणि पावडर होते. इथलं काही हवं म्हणून लोगोत वारली चौक, म्हणजे वारली चित्रांतली चौकोनी नक्षी, घेतला होता. गावातल्या वारली चित्रकार मावशींना दाखवला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हा लग्नाचा चौक. आत पालघट देवी बसते. पाकीट फोडून तुम्ही कुठे टाकणार?" मला उत्तर देता आलं नाही. त्याच दिवशी तो काढला. आता चिकूचं फळ आणि दोन पानं आहेत, मावशींनीच काढलेली. त्यांना त्याचा मोबदला दिला आणि पाकिटावर मागच्या बाजूला त्यांचं नाव आहे.

पाटीपेन्सिल
मी तयार साचा (टेम्पलेट) घेऊन अर्ध्या तासात लोगो केला. तीन महिन्यांनी तेच पान, तोच गोल दुसऱ्या राज्यातल्या साबणाच्या दुकानावर दिसला. त्यांनीही साचाच घेतला होता, भांडणार कुणाशी? सुरुवातीला साचा चालेल, पण मोठा बोर्ड रंगवायच्या आधी बदला.

मेतकूट
सगळ्यांचे मनापासून आभार. सुईदोरा, करार आजच करायला घेते.
अक्षरवेल दादा, तुमचं वाचून उठले आणि पाकीट हातात घेतलं. आमच्या नावात ल आहे, आणि तो दंडाचाच आहे. सासूबाईंना दाखवला. त्यांनी यादीचा तोच कागद डब्यात जपून ठेवला होता, तो काढला. जात्याखाली त्यांनी नाव लिहिलंय, त्यातला ल दोन पाकळ्यांचा आहे. तुम्हाला त्या कागदाचा फोटो पाठवते. त्यावरूनच अक्षरं करून द्याल का?