शब्दचर्चा : ‘फाशी रद्द’ म्हणजे नेमकं काय रद्द?

अंबाजोगाईचे सर (प्रश्न)

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे. फळ्यावर विषय लिहिला, ‘फाशी रद्द झाली पाहिजे’. मागच्या बाकावरून एक पोरगं उठलं आणि म्हणालं, “सर, कोणाची?” वर्ग हसला, मीही हसलो. घरी येईपर्यंत मात्र लक्षात आलं की त्याचं काहीच चुकलेलं नाही. पेपरात ‘फाशी रद्द’ छापून येतं ते नेहमी कोणा एकाचीच असते, कायद्यातली कधीच नाही. ‘फाशी कायम’चंही तेच. आता विषय कसा लिहावा? रद्द, बंद, निर्मूलन, उच्चाटन? आणि फाशी की मृत्युदंड की देहदंड? जाणकारांनी सांगावं.

परभणीकर

काहून एवढं डोकं लावायलेत सर, ‘फाशी पाहिजे का नको’ लिहा अन् मोकळे व्हा.

मस्करी सोडा. मला तर ‘फाशी’ शब्दच या विषयात खटकतो. आमच्या गावात पारावर “त्यानं फाशी घेतली” असं कोणी म्हणालं तर कोणाच्या डोळ्यापुढं कोर्ट येत नाही. बांधावरचं लिंबाचं झाड येतं, सोसायटीचं कर्ज येतं. पंचनाम्यात अन् पेपरात ‘गळफास’ लिहितात, तोंडी मात्र फाशीच. तुमच्या वर्गात अशा घरातलं एखादं लेकरू असणारच. एवढा विचार करा.

बाकी गंमत सगळी क्रियापदात आहे. फाशी देतं ते सरकार. फाशी घेतो तो खचलेला माणूस. ‘फासावर गेले’ म्हणलं की भगतसिंग, राजगुरू, सुखदेव. तिथं दोर तोच, पण शब्दात मान आहे. कोणी ‘राजगुरूंना फाशी लागली’ म्हणून बघा, कानाला बोचतं.

नांदेडचे गुरुजी (निवृत्त)

परभणीकरांनी बरोबर नस पकडली. मूळ संस्कृत ‘पाश’, त्याचा ‘फास’, आणि त्याचीच ही फाशी. फासेपारधी या नावात तोच फास आहे, हरणं-तितरं धरायचा. तिथं तो पोटापाण्याचा. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला आणि १९५२ साली तो पुसून ‘विमुक्त’ हा शब्द दिला. विषयांतर झालं, पण पुढं कामाला येईल.

फाशीच्या आधी मराठीत या शिक्षेची बरीच नावं रीतीप्रमाणं होती. सुळी देणं, कडेलोट, हत्तीच्या पायी देणं, तोफेच्या तोंडी देणं, गर्दन मारणं. यातलं सुळाचं अजून बोलण्यात आहे, ‘सुळावरची पोळी’ आपण अजून म्हणतो. रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला सांगितलं ते ‘देहान्त प्रायश्चित्त’. हा शब्द मला फार विचार करायला लावतो. शिक्षा दुसरा देतो. प्रायश्चित्त पाप केलेल्यानं स्वतः घ्यायचं असतं. शास्त्रीबुवांनी पेशव्याला फासावर चढवलं नाही, तेवढी सत्ता त्यांच्या हातात नव्हती. ‘याला एवढंच प्रायश्चित्त’ असं सांगून ते पुणं सोडून गेले.

आमच्या वडिलांच्या तोंडी निजामाच्या काळचे कोर्टातले शब्द होते. सजा-ए-मौत, उम्रकैद. सप्टेंबर १९४८पर्यंत इकडचा सगळा कारभार उर्दूत. त्या भाषेत ‘मुलजिम’ वेगळा आणि ‘मुजरिम’ वेगळा. पहिल्यावर आरोप आहे, दुसऱ्यावर तो शाबीत झालाय. मराठी पेपर मात्र ‘आरोपीला फाशी’ असं बिनदिक्कत छापतात. अहो, फाशी सुनावली म्हणजे तो आता आरोपी कुठं राहिला?

जालन्याचा उपसंपादक

गुरुजी, मान्य. पण रात्री साडेअकराला दोन कॉलमाच्या शीर्षकात ‘आरोपी’च्या जागी ‘सिद्धदोष’ बसवून दाखवा.

लातूरचे वकीलसाहेब

सर, तुमच्या पोराला बक्षीस आधीच देऊन टाका. त्याचा प्रश्न कायद्याचाच आहे. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, फाशी हे शिक्षेचं नाव नाही. भारतीय न्याय संहितेत शिक्षांची यादी आहे, तिच्यात पहिली शिक्षा ‘मृत्यू’. तो कसा द्यायचा हे प्रक्रियेच्या कायद्यात, म्हणजे मरेपर्यंत गळ्याला दोर लावून. लष्कराच्या १९५०च्या कायद्यात गोळी घालूनही ही शिक्षा देता येते. आता ‘फाशी बंद करा’ ही मागणी दोन जण करू शकतात आणि त्यांचं एकमेकांशी जमणार नाही. एकाला ही शिक्षाच नको आहे. दुसऱ्याला शिक्षा चालते, दोर नको, इंजेक्शन द्या. हे मी मनचं सांगत नाही. विधी आयोगाच्या २००३च्या १८७व्या अहवालाचा विषयच मुळी मृत्युदंड अमलात आणण्याची पद्धत हा होता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका आली तीही दोराला पर्याय द्या अशी. उलट २०१५चा २६२वा अहवाल शिक्षेबद्दल आहे. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांसाठी ती काढावी, अशी शिफारस. दोन्हींना मराठीत ‘फाशीविरोध’ म्हणलं की गोंधळ झालाच. म्हणून शिक्षेला मृत्युदंड म्हणा, दोराला फाशी.

दुसरी गोष्ट, “त्याला फाशी झाली”. ही मराठीतली सगळ्यात फसवी तीन शब्दांची ओळ. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस संपला. झालेलं असतं एवढंच की सत्र न्यायालयानं शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येत नाही. आपल्या मराठवाड्याची अशी प्रकरणं औरंगाबाद खंडपीठाकडं जातात. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. ‘फाशी झाली’ म्हणल्यावर पुढं दहा-पंधरा वर्षं तो जेलात जिवंत असू शकतो. मुख्यतः राष्ट्रपतींकडं दयेचा अर्ज अकारण रखडला म्हणून २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं पंधरा जणांची फाशीची जन्मठेप केली. “फाशीची जन्मठेप झाली” हा मात्र आपल्या लोकांचा शब्दप्रयोग झकास आहे. रद्द नाही, माफ नाही, एकाची दुसरी झाली. कायद्याचं मराठी त्याला ‘शिक्षा सौम्य करणे’ म्हणतं. कैद्याला विचारा किती सौम्य ते.

अन् जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे डोक्यातून काढा. १९६१ सालीच सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की जन्मठेप म्हणजे उरलेला सगळा जन्म. चौदा वर्षं हा सुटकेचा विचार करण्याआधीचा कमीत कमी काळ आहे. मृत्युदंडाच्या बाजूनं बोलणारी निम्मी पोरं तुमच्या स्पर्धेत “चौदा वर्षांनी बाहेर येतो” हेच म्हणणार, बघा.

धाराशिवच्या ताई

मी त्या निम्म्यांतली आहे वकीलसाहेब, चौदा वर्षांचा मुद्दा सोडून. काही गुन्ह्यांना मृत्युदंड असावा असं माझं मत आहे आणि ते इथं बदलणार नाही. पण शब्दांचं बोलू.

सर, ‘निर्मूलन’ आणि ‘उच्चाटन’ दोन्ही खोडा. निर्मूलन देवीच्या रोगाचं होतं, पोलिओचं होतं, अंधश्रद्धेचं होतं. जे वाईट आहे हे आधीच ठरलंय, त्यालाच आपण हे शब्द लावतो. विषयातच निकाल देऊन ठेवल्यावर माझ्या बाजूच्या पोरांनी बोलायचं काय?

पण मृत्युदंड देताना कोर्ट वापरतं तो ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हा शब्द दोन्ही बाजूंनी सारखाच निरुपयोगी. १९८०च्या बचन सिंग खटल्यापासून तो चालत आलाय. मराठीत दुर्मिळ काय असतं? पुस्तक, नाणं, माळढोक. त्यात आपण जपून ठेवायचा भाव आहे. अन् लेकीबाळींवरचे अत्याचार पेपरात रोज वाचताना त्यातलं दुर्मिळ कोणतं हे कसं ठरवायचं? ‘अगदी टोकाचा गुन्हा’ म्हणलं असतं तर माझ्या सासूबाईंनाही कळलं असतं.

नांदेडचे गुरुजी

ताई, ‘माळढोक’ आवडलं. पण त्या शब्दाचा रोख गुन्ह्याच्या टोकावर जेवढा, तेवढाच शिक्षेच्या विरळपणावर आहे. एरवी जन्मठेप आणि दुसरा काही मार्गच उरला नाही तरच मृत्युदंड, असं त्या निकालाचं सांगणं. पाचांतल्या एका न्यायमूर्तींना, भगवतींना, तेवढाही मृत्युदंड घटनेत बसतो असं वाटलं नाही.

परभणीकर

तुम्ही सगळ्यांनी एक म्हण सोडली. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी.’

जालन्याचा उपसंपादक

मी याचीच वाट बघत होतो. जुनी माणसं ‘संन्याशाला सुळी’ म्हणतात. शिक्षेची रीत बदलली तशी म्हणही बदलली, संन्यासी तोच राहिला.

आणि तो संन्यासी महाराष्ट्रातच आहे. २००३ साली नाशिकजवळ भयंकर खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयानं मृत्युदंड सुनावला. २००७ साली उच्च न्यायालयानं तिघांचा कायम ठेवला, तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सहाही जणांना मृत्युदंड. आम्ही शीर्षक दिलं असेल ‘फाशी कायम’. मार्च २०१९मध्ये त्याच न्यायालयानं स्वतःचा निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकाला पाच लाख भरपाई द्यायला सांगितली. गुरुजींचं ‘जन्मजात गुन्हेगार’ इथं कामाला आलं. हे सहा जण म्हणीतल्यासारखे साधू नव्हते, पालावर राहणारे होते. ज्याच्या बाजूनं बोलायला गावात कोणी नाही असा माणूस पोलिसांना सापडतो, हे म्हणीला ठाऊक होतं. ‘कायम’ हा शब्द त्या दिवसापासून मी या बातमीत वापरत नाही. ‘शिक्कामोर्तब’ वापरतो, अर्धा कॉलम जास्त खातो तरी.

धाराशिवच्या ताई

हे प्रकरण मला माहीत नव्हतं. मत बदललं असं म्हणणार नाही. पण आमच्या बाजूच्या पोरांना याचं उत्तर तयार ठेवायला सांगते.

लातूरचे वकीलसाहेब

‘दयेचा अर्ज’ राहिला. दया म्हणलं की दारात पदर पसरल्यासारखं वाटतं. १९८८च्या केहर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हणलंय की ही कोणाची खासगी मेहेरबानी नव्हे, राज्यघटनेच्या योजनेचाच भाग आहे. मी अशिलाच्या घरच्यांना ‘राष्ट्रपतींकडं अर्ज’ एवढंच सांगतो. ‘दया’ ऐकलं की म्हाताऱ्या आया रडायला लागतात.

अन् सर, बाबासाहेबांनी काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाची परंपरा आपल्याकडं आहे म्हणून सांगतो. ३ जून १९४९ला संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाकडं फौजदारी अपील जावं का यावर चर्चा चालू होती. तेव्हा बाबासाहेब म्हणाले की त्यापेक्षा मृत्युदंडच काढून टाकायला माझा पाठिंबा राहील. पोरांना हे सांगा, बहुतेकांना माहीत नसतं.

अंबाजोगाईचे सर

सगळ्यांचे आभार. विषय असा लिहिला : ‘मृत्युदंडाची शिक्षा कायद्यातून काढावी’. रद्द नाही, निर्मूलन नाही, फाशी नाही. आज फळ्यावर लिहिल्यावर त्याच पोरानं विचारलं, “सर, म्हणजे फाशीच ना?” मी म्हणालो, शनिवारी तूच समजावून सांग. वकीलसाहेब, परीक्षक म्हणून याल का?

लातूरचे वकीलसाहेब

येतो. ताईंनाही बोलवा, नाहीतर मी एकटाच बसलो तर पोरं म्हणतील निकाल आधीच लागलाय.